दीनियात, अखलाकियात आणि तिसरा तास

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या आठवडी बाजारात फिरताना कान उघडे ठेवले, तर मराठीच्या जोडीला आणखी तीन भाषा ऐकू येतात. देगलूरकडच्या माणसाच्या बोलण्यात तेलुगूचा हेल असतो, औराद-बीदरच्या बाजूचा गडी भाव करताना मध्येच कन्नडवर जातो, आणि दखनी उर्दू तर सगळ्यांनाच थोडीफार येते. माणसं जशी मिसळलेली, तशीच श्रद्धास्थानंही. गावातलं दशरथेश्वराचं मंदिर शेकडो वर्षांचं जुनं. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची गर्दी होते. नांदेडला गोदाकाठी सचखंड हुजूर साहिब; गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली तिथेच देह ठेवला. शेजारच्या बीदर जिल्ह्यात बसवेश्वरांचं कल्याण. मोहरमच्या दिवसांत या पट्ट्यातल्या कित्येक गावांत सवारी धरणारा हिंदू असतो आणि आलाव्याभोवती नाचणाऱ्यांत सगळ्या आळ्यांतली पोरं असतात. २०११च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात साधारण सातातला एक माणूस मुस्लिम आणि दहातला एक बौद्ध नोंदला गेला आहे.

हे सगळं रस्त्यावर दिसतं. शाळेत मात्र त्यातलं काहीच शिकवलं जात नाही. सवारी म्हणजे काय, हातात धरलेला पंजा कुणाच्या स्मरणार्थ आहे, बाकावर शेजारी बसलेल्या लिंगायत मुलाच्या गळ्यात काय आहे, बौद्ध मुलगी गणपतीच्या आरतीला का येत नाही, हे प्रश्न लेकरांना पडतात. उत्तरं मिळतात ती घरी, गल्लीत आणि आता मोबाईलवर. तिथे उत्तर देणारा बहुतेक वेळा त्या धर्माचा नसतो, आणि त्याला तो धर्म आवडत असतो असंही नाही.

शाळेत धर्म शिकवला तर समाजासमाजांतले संबंध सुधारतात का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला मराठवाड्याबाहेर जायची घाई करू नये. इथे हा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे.

दोन खोल्या

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत मुखेड निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. त्या राज्याच्या शाळांमध्ये धर्माचा तास होता, पण तो दोन खोल्यांत भरायचा. मुस्लिम मुलांना ‘दीनियात’ शिकवलं जाई, म्हणजे इस्लामची श्रद्धा आणि आचार. बाकीच्यांना ‘अखलाकियात’, म्हणजे नीतिपाठ. कागदावर ही व्यवस्था उदार दिसते. कुणावरही परका धर्म लादलेला नाही, कुणी रिकामंही बसलेलं नाही. आजही अनेक सज्जन माणसं अशीच व्यवस्था सुचवतात, ज्याचा धर्म त्याला शिकवा म्हणतात.

घोटाळा त्या दोन खोल्यांत होता. घंटा झाली की वर्ग धर्माच्या रेषेवर दुभंगायचा आणि तो दुभंग शाळेच्या वेळापत्रकात छापलेला असायचा. एका खोलीत धर्म होता आणि दुसऱ्या खोलीत धर्माऐवजी दिलेलं काहीतरी. बहुसंख्य प्रजेचा धर्म शाळेच्या लेखी नावालाही नव्हता. दोन्ही खोल्यांतल्या मुलांना एकमेकांबद्दल एक अक्षरही कळत नव्हतं. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमात सुरू झालं. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या प्रजेला ती भाषाही राज्यकर्त्यांची वाटली आणि ते नीतिपाठही.

या घुसमटीचा स्फोट झाला तो प्रार्थनेवरूनच. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलांनी ऐकलं नाही. लोण उस्मानियापर्यंत गेलं. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. ज्या शाळा-कॉलेजांनी धर्माची सोय वेगवेगळी लावून दिली होती, तिथेच धर्माच्या नावावर पहिली ठिणगी पडली. याचा सगळा दोष तासिकेला देणं अन्यायाचं होईल. राजकारण पेटलेलं होतं, राज्य एका बाजूला झुकलेलं होतं. पण त्या तासिकांनी काही सांधलं असं म्हणायला जागा नाही. दहा वर्षांनी निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या धामधुमीत गावंच्या गावं होरपळली, तेव्हा दीनियात शिकलेले आणि अखलाकियात शिकलेले दोघेही तरुण झालेले होते.

त्याच काळात मराठवाड्यात वेगळ्या शाळाही उभ्या राहिल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय. दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. भगव्या कपड्यातला हा संन्यासी पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचा नेता झाला, आणि संन्यासी असूनही त्याने स्वातंत्र्याचा लढा धर्माचा होऊ दिला नाही. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे.

७ डिसेंबर १९४८

हैदराबाद भारतात आल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा दिल्लीत संविधान सभा याच विषयावर बसली होती. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावं का? डॉ. आंबेडकरांनी नकाराची कारणं दिली, तीही त्यांच्या रोखठोक पद्धतीने. एक, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडून कर घ्यायचा नाही असं ठरवल्यावर करांच्या पैशातून त्या धर्माचे तास कसे घेणार? दोन, देशात इतके धर्म आहेत की प्रत्येकाची सोय करणं शक्य नाही. तिसरं कारण आजही कानात दडे बसवतं. परस्परसंबंधांच्या बाबतीत आपल्याकडचे धर्म समाजविरोधी आहेत, कारण मोक्षाचा मार्ग फक्त आपल्याकडेच आहे असा प्रत्येकाचा दावा असतो. अशा दाव्यांची भांडणं शाळेत आणून तिथली शांतता का घालवायची?

त्याच चर्चेत संस्कृत पाठशाळांत वेद-उपनिषदं शिकवतात त्यांचं काय, असा प्रश्न निघाला. आंबेडकरांनी तिथे एक सीमारेषा आखली. देव एक आहे आणि पैगंबर शेवटचे आहेत असं मानायला लावणं म्हणजे धर्मशिक्षण. त्याच धर्माचा अभ्यास करणं ही निराळी गोष्ट. विश्वास ठेवायला शिकवणं वेगळं आणि समजून घ्यायला शिकवणं वेगळं. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली या रेषेत आहे.

संविधानाचं २८वं कलम याच विचारातून आलं. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. धर्मशिक्षणाची अट असलेल्या दानातून वा न्यासातून उभ्या राहिलेल्या आणि सरकार नुसती चालवत असलेल्या संस्थांना यातून सूट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण वा उपासना असेल, तर त्यात सामील होण्याची सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. नियम स्पष्ट होता. पण सरकारी शिक्षकांनी त्याचा अर्थ असा लावला की धर्माबद्दल काही बोलायचंच नाही. बंदी होती श्रद्धा रुजवण्यावर, आणि गाडून टाकली गेली माहिती.

कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ साली हे बोलून दाखवलं. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक करा, प्रमुख धर्मांची निवडक माहिती नागरिकशास्त्रासारख्या विषयात द्या, असं आयोगाने सुचवलं. शिफारस फायलीत राहिली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबमधलं डी.ए.व्ही. कॉलेजचं प्रकरण आलं. गुरू नानकांच्या नावाच्या विद्यापीठात नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास व्हावा, अशी कायद्यात तरतूद होती. हे धर्मशिक्षण नव्हे, हा अभ्यास आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हुजूर साहिबच्या नांदेडमध्ये तरी हा निकाल शिक्षकांना माहीत असायला हरकत नव्हती.

नांदेडचे हेडमास्तर

या गोष्टीतला पुढचा माणूस नांदेडचाच आहे. शंकरराव चव्हाण. पैठणला जन्म, उस्मानिया विद्यापीठातून वकिलीचं शिक्षण, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग, मग नांदेडचे नगराध्यक्ष, दोनदा मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री. शिस्तीच्या काटेकोरपणामुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. म्हणणाऱ्यांत कौतुक करणारे होते तसे वैतागलेलेही. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पडली तेव्हा देशाचं गृहखातं त्यांच्याकडे होतं. ती मशीद आणि त्यानंतरच्या दंगली त्यांच्या कारकिर्दीला कायमच्या चिकटल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९९९च्या फेब्रुवारीत, चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने मूल्यशिक्षणावरचा अहवाल मांडला. सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं शिक्षणाचा पाया असावीत, असं त्यात होतं. चव्हाण सत्य साईबाबांचे भक्त होते आणि ही पंचसूत्री साईबाबांच्या मूल्यशिक्षणाशी तंतोतंत जुळते, हे लपून राहिलं नाही. पण अहवालातला महत्त्वाचा भाग दुसरा. मुलांना सगळ्या धर्मांची मूलतत्त्वं, त्यांतली मूल्यं आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाचा तुलनात्मक अभ्यास शाळेच्या मधल्या (उच्च प्राथमिक) टप्प्यापासून विद्यापीठापर्यंत द्यावा, असं समितीने सुचवलं. गृहमंत्री म्हणून जे पाहिलं, त्याचा या शिफारशीशी काही संबंध असेल का, हे प्रत्येकाने आपल्यापुरतं ठरवावं.

२००० साली एनसीईआरटीने नवा अभ्यासक्रम आराखडा काढला आणि त्यात या अहवालाचा आधार घेतला. सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय आणि इतरांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. हा मागच्या दाराने धर्म शाळेत आणण्याचा डाव आहे, ही त्यांची भीती होती, आणि त्या काळचं राजकारण बघता ती निराधार नव्हती. १२ सप्टेंबर २००२ रोजी निकाल लागला. न्या. एम. बी. शाह, न्या. डी. एम. धर्माधिकारी आणि न्या. एच. के. सेमा यांच्या पीठाने आव्हान फेटाळलं. निकालात चव्हाण समितीच्या अहवालातले उतारेच्या उतारे आहेत. धर्मांचा अभ्यास २८व्या कलमाला बाधा आणत नाही. मात्र धर्मांध शिकवण, कर्मकांड आणि एखाद्या धर्माचा प्रचार त्याच्या आडून शिरता कामा नये, असं न्यायालयाने बजावलं. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रान्समध्येही, जिथे सरकारी शाळेत धर्माचं वावडं आपल्याहून कडक आहे, रेजिस देब्रे यांच्या अहवालाने सरकारी शाळेत धर्माची तथ्यं शिकवायला हवीत असं सांगितलं.

म्हणजे २००२पासून रस्ता मोकळा आहे. मुखेडच्या जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक रोजा म्हणजे काय, इष्टलिंग म्हणजे काय, त्रिशरण म्हणजे काय हे वर्गात शिकवू शकतो. कायदा त्याला अडवत नाही.

सगळे सारखे म्हणून काय झालं?

पण शाळेत आलं काय? दहा मूल्यांची यादी. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा अशा ओळीत ‘सर्वधर्मसहिष्णुता’ही आहे. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. याला वाईट म्हणायचं कारण नाही. चांगला शिक्षक परिपाठातूनही पुष्कळ काही करून जातो. पण सहिष्णुता हा शब्द फळ्यावर लिहून ती येत नाही. ज्याच्याबद्दल सहिष्णू व्हायचं, त्याची माहितीच दिलेली नाही.

चव्हाण अहवालाचीही इथेच एक कमजोरी आहे. सगळ्या धर्मांमागची मूळ कल्पना एकच, फक्त आचार वेगळे, हे मुलांना समजावं असं त्यात म्हटलं आहे. आपल्या भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून हे वाक्य इतकं फिरलं आहे की ते कुणी तपासत नाही. गावातली भांडणं मूळ कल्पनेवरून कधी झाली? ती होतात मिरवणुकीच्या वाटेवरून, भोंग्यावरून, मांसावरून, निळ्या झेंड्यावरून आणि कमानीवरून. भांडण आचारांचं असतं, आणि आपण नेमके तेच ‘फक्त’ म्हणून सोडून देतो. आतून सगळं एकच आहे असं शिकलेल्या मुलाला समोरचा वेगळा वागताना दिसला की तो बुचकळ्यात पडतो, आणि त्या गोंधळातून राग येतो. ‘तू वेगळा आहेस, का वेगळा आहेस ते मला ठाऊक आहे’ हे जास्त टिकाऊ आहे.

सारखेपणाच्या या गोड भाषेत आणखी एक गफलत लपते. शाळेत ‘सर्वांचं’ म्हणून जे होतं, ते बहुधा बहुसंख्याकांचं असतं. सरस्वतीचा फोटो, हात जोडून प्रार्थना, गणपतीची वर्गणी. १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. त्या पाळणाऱ्या घरातल्या लेकरासाठी ही सवयीची गोष्ट नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला आणि त्याची वेतनवाढ अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. शिक्षकाला न्यायालयात जावं लागतं, तर सहावीतल्या मुलाने काय करावं?

याबाबत महात्मा फुले आपल्या पुष्कळ पुढे होते. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे प्रेमाने एका घरात. त्यांना एक करून टाकावं असं फुल्यांना वाटलं नाही. वेगळेपण शाबूत ठेवून घर एक, असा त्यांचा विचार होता.

ब्रॅडफर्डला काय चुकलं

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे, कारण तिथे धर्माचा तास १९४४च्या कायद्यापासूनच सक्तीचा आहे. पालकाला मुलाला त्यातून बाहेर काढता येतं. सुरुवातीला हा तास ख्रिस्ती धर्माचाच होता. भारत-पाकिस्तान आणि कॅरिबियनमधून कुटुंबं आली तसा तो बदलला. १९७५ साली बर्मिंगहॅमने अनेक धर्मांचा समावेश असलेला अभ्यासक्रम केला, आणि तो गाजला. १९८८च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेला प्राधान्य देऊन इतर प्रमुख धर्मही घ्यायचे असं बंधन घातलं. अभ्यासक्रम ठरवायला स्थानिक पातळीवर वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी आणि शिक्षक एकत्र बसतात. हा भाग मला फार आवडतो. एका गावातल्या मौलवी, पाद्री आणि ग्रंथींना वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसवणं हेही एक शिक्षणच आहे, मोठ्यांचं.

आणि तरीही २००१च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. टेड कँटल यांच्या चौकशी अहवालाने निदान केलं: इथली माणसं समांतर आयुष्यं जगतात. वस्ती वेगळी, म्हणून शाळा वेगळी, म्हणून मैत्रीही वेगळी. पुस्तकात दुसऱ्याचा धर्म होता, पण बाकावर तो दुसरा नव्हता. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या. १९८१ साली काही पालकांनी २८ मुलं घेऊन लॅगन कॉलेज ही पहिली एकत्र शाळा काढली. तिथे मुख्य बदल अभ्यासक्रमातला नव्हता, मुलं एकत्र बसणं हा होता.

आठ युरोपीय देशांत २००६ ते २००९ या काळात १४ ते १६ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. शाळेत वेगवेगळ्या धर्मांबद्दल शिकलेली मुलं दुसऱ्या धर्माच्या मुलांशी त्या विषयावर बोलायला जास्त तयार असतात, असं त्यात दिसलं. दावा छोटा आहे, म्हणून विश्वासार्ह वाटतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली याचं सूत्र मांडलं होतं. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचं स्थान, सामाईक उद्दिष्ट, सहकार्य आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल, तर संपर्क काम करतो. २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे दाखवलं. ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तर तो जास्त कमी होतो.

बरोबरीची अट मराठवाड्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड-परभणीच्या गावांत दलितांची घरं पेटली. ती पेटवणारे अनोळखी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या एका शिवारात राबणारी, एकमेकांच्या नावागावानिशी ओळख असणारी माणसं होती. ओळख होती, बरोबरी नव्हती. समाजांतल्या नात्यांविषयी बोलताना फक्त हिंदू-मुस्लिम डोळ्यापुढे आणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

पंचांगाचा तास

आमच्या भागातली अडचण आता दिसेल. तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमाची शाळा वेगळी आणि उर्दू माध्यमाची वेगळी. बालभारती दोन्हीकडे पुस्तकं देते, धडे बरेचसे तेच असतात, पण मुलं एकमेकांना भेटतात ती क्रीडास्पर्धेत, समोरासमोरच्या संघांत. निजामाच्या दोन खोल्या गेल्या आणि दोन इमारती आल्या. उर्दू शाळा बंद करा, हे त्यावरचं उत्तर नाही. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मराठीला आहे तेवढाच उर्दूलाही आहे. पण महिन्यातून दोन तास तरी दोन्ही शाळांची सातवी-आठवी एका वर्गात बसवायला कुणाची हरकत असावी? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. तो काळ आजच्याहून अवघड होता.

आणि त्या दोन तासांत काय शिकवायचं? मी पंचांगापासून सुरुवात करीन. रमजान दरवर्षी अलीकडे का सरकतो? २०१७ साली तो भर उन्हाळ्यात, मेअखेर ते जूनमध्ये होता, २०२५ला मार्चमध्ये. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी. म्हणून सण दरसाल तितके मागे येतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. आपले महिनेही चंद्राचेच, मग दिवाळी उन्हाळ्यात का येत नाही? कारण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून आपण ती तूट भरून काढतो. दोन्ही पद्धतींत आकाश एकच, हिशेबाचे नियम वेगळे.

आता पोरांना कोडं घाला. १० जुलै २०२२ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २९ जून २०२३ला पुन्हा तेच. २०२४ला मात्र जमलं नाही. त्याऐवजी १७ जुलैला आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. का? हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एखाद-दोन दिवसांनी. त्यामुळे त्यांची दहावी तारीख आणि आपली एकादशी जवळजवळ पडतात. बकरी ईद जिल्हिज्जची दहावी, आशुरा मोहरमची दहावी. २०२३ला श्रावण अधिक आला, म्हणून पुढची आषाढी महिनाभर पुढे गेली आणि ईदऐवजी मोहरमला जाऊन भेटली. वही-पेन्सिल घेऊन हे गणित सोडवणारी आठवीतली मुलं एकमेकांच्या सणांबद्दल जे शिकतील, ते दहा सुविचारांतून येणार नाही.

त्याच गणितातून पुढचा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. एकादशीला उपास आणि त्याच दिवशी कुर्बानी. गावाने काय करावं? २०२३ला महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं. ते शक्य झालं, कारण कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे. ही मुभा किती हिंदू मुलांना माहीत आहे? आणि वारकऱ्याला एकादशी म्हणजे काय असते, हे किती मुस्लिम मुलांना? इथे सगळे धर्म सारखे म्हणण्याची गरजच पडत नाही. फरक माहीत होता, म्हणून वाट निघाली.

आक्षेप, आणि त्यातले खरे

धर्माची नुसती गोडगोड माहिती द्यायची आणि त्यातले अन्याय झाकायचे, हा धोका खरा आहे. अस्पृश्यतेचा उल्लेख न करता हिंदू धर्म शिकवता येणार नाही, आणि तोंडी तलाकच्या वादाचा उल्लेख न करता मुस्लिम समाजसुधारणा शिकवता येणार नाही. नांदेडला नरहर कुरुंदकर होऊन गेले. आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. स्वतः नास्तिक, आणि मनुस्मृती असो की इस्लाम, दोन्ही सारख्याच कसून वाचणारे. त्यांचं ऐकून माणसं चिडत, पण अज्ञानातून बोलतो असा आरोप करू शकत नसत. शिक्षकाने एवढं केलं तर पुरे. अर्थात असे शिक्षक दर शाळेला मिळत नाहीत, आणि पूर्वग्रह असलेला शिक्षक हा विषय हातात घेऊन नुकसानही करू शकतो. म्हणूनच एक शिक्षक दोन धर्मांवर बोलण्यापेक्षा दोन माध्यमांच्या दोन शिक्षकांनी मिळून तास घ्यावा, असं मला वाटतं.

आमच्याकडे दंगल कुठे होते, असंही कुणी म्हणेल. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा हिशेब मांडला, तेव्हा गावांत गेलेले बळी चार टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकी सगळे शहरांत. पण तेव्हा शहरातली अफवा गावात यायला वेळ लागायचा. आता ती मुखेडला आणि मुंबईला एकाच सेकंदाला पोहोचते.

शाळेकडून सगळ्याच अपेक्षा करू नयेत, हेही खरं. १९८४ला पेटलेली भिवंडी १९९२ला शांत राहिली, ती पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला कमिट्या बांधून दोन्हीकडच्या माणसांना नियमित एकत्र बसवलं म्हणून. तिथे शाळेचा तास नव्हता. दंगल घडवणाऱ्यांना आठवीचा अभ्यासक्रम रोखू शकत नाही. त्यांच्या मागे धावायला जी पोरं लागतात, त्यांची संख्या मात्र तो कमी करू शकतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात. त्या पालकांपैकी तुम्ही एक असाल, तर पुढच्या सभेत एक विषय मांडा: शेजारच्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेबरोबर महिन्यातून दोन तास एकत्र. मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहू नका. दोन मुख्याध्यापक आणि एक मोकळा वर्ग मिळाला की काम सुरू होतं.